उशिरा येणारा ठोका

"हे कोण वाजवतंय? त्याला आधी लयीत यायला सांगा," असं म्हणून उल्हास जंगमांनी कानामागचं यंत्र काढलं आणि टेबलावर पालथं घातलं.

रेश्मा मुल्ला खाली बसून त्यांच्या पोटऱ्यांना पट्टे बांधत होती. तिने हसू दाबलं. सांगलीच्या एका रुग्णालयात ती फिजिओथेरपिस्ट होती आणि पार्किन्सनच्या रुग्णांसाठी आलेल्या या नव्या यंत्राची चाचणी घ्यायला दर आठवड्याला कऱ्हाडला येत असे.

"काका, ते मुद्दाम तसं वाजवलंय."

"मुद्दाम बेताल? आमच्या वेळी त्याला छडी मिळायची. आणि मागे ती खरखर कसली? शेजारी बसून कुणीतरी शेंगा सोलतंय जणू."

"जुन्या तबकडीचा आवाज आहे तो. लो-फाय हिप-हॉप म्हणतात याला. पोरं हे लावून अभ्यास करतात."

"तरीच नापास होतात."

दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी शैलजाबाईंनी यंत्र उचललं आणि स्वतःच्या कानामागे लावून पाहिलं. खाली एक मऊ, दबका ढोल होता, उशीखालून वाजवल्यासारखा. त्यावर कोतो वाजत होता. लांबलचक लाकडी अंगावर तेरा तारा ताणलेलं हे जपानी वाद्य त्यांनी पूर्वी फक्त चित्रात पाहिलं होतं. नखी चढवलेल्या बोटाने तार छेडली की स्वर ठसठशीत उमटत होता, मग जरासा वाकून विरत होता, आणि पुढचा स्वर येण्याआधी एक रिकामी जागा राहत होती. मध्येच बांबूच्या बासरीतून कुणी नुसता श्वास सोडत होतं. ऐकायला वाईट नव्हतं. पण ठोका खरोखरच मागे पडत होता. चाळीस वर्षं तबलावादकाच्या घरात काढलेल्या बाईला ते कुणी सांगावं लागत नव्हतं.

"उशिरा येतोय खरा," त्या म्हणाल्या.

"बघा! भौतिकशास्त्राच्या बाईंनाही कळलं," उल्हासराव रेश्माला म्हणाले.

उल्हासरावांनी जन्मभर साथ केली होती. एकट्याने तबला वाजवायची हौस त्यांना कधीच नव्हती. संगीत नाटकांच्या दौऱ्यांत पेटीवाल्याच्या शेजारी बसून गाणाऱ्याच्या मानेकडे बघत ठेका धरणं, यातच त्यांना सगळं सुख मिळालं. मग एका वर्षी उजव्या हाताला कंप आला आणि तबला-डग्गा गवसणीत गेला. पुढे आजार पायांत उतरला. मोकळ्या जागेत ते बरे चालत, पण दार आलं की पाय जमिनीला खिळत. उंबरठा नसलेल्या दारातही. पुढे जायची इच्छा पुरेपूर असे, अंग पुढे झुके, आणि पावलं मात्र चिकटवल्यासारखी जागच्या जागी राहत.

शैलजाबाईंनी याचं कारण वाचून काढलं होतं. निरोगी माणूस पावलं मोजत नाही, कारण मेंदूच्या तळाशी असलेले पेशींचे काही पुंजके त्याच्यासाठी ते काम करत असतात. एक पाऊल संपलं की दुसऱ्याला इशारा तिथून मिळतो. पार्किन्सनमध्ये हा आतला ठेका क्षीण होत जातो. पण बाहेरून कानावर पडलेला ठेका मेंदूत वेगळ्या वाटेने हालचालीच्या केंद्रांपर्यंत पोचतो, आणि ती वाट बहुधा शाबूत असते.

हे वाचल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, त्या नवऱ्याच्या समोर उभ्या राहून उलट्या चालत होत्या. "धा धिं धिं धा" म्हणत, टाळ्या वाजवत, पलंगापासून मोरीपर्यंत, तिथून स्वयंपाकघरात, संध्याकाळी गॅलरीत. माणसाचा गुडघा काही दिवसभर उलटं चालण्यासाठी घडलेला नाही. त्यांचे दोन्ही गुडघे झिजलेच होते, ते या दोन वर्षांत पार संपले. शस्त्रक्रिया आता पुढे ढकलता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

मग उल्हासरावांना कोण चालवणार? मूलबाळ नव्हतं. साताऱ्याजवळ एक शुश्रूषा केंद्र होतं. त्यांचे पेटीवादक मित्र बापू लोहार तिथे स्वतःच्या पायांनी चालत गेले होते. केंद्रातली माणसं भली होती, पण ती रुग्णाला चाकांच्या खुर्चीत बसवून ठेवत, कारण खुर्ची अडखळून पडत नाही. बापू त्यानंतर उभे राहिले नाहीत.

"महिन्याअखेरीस मी चाचणी घेईन," रेश्मा म्हणाली. "काकांनी घरभर एकट्याने फिरायचं. कुणी हात द्यायचा नाही, टाळी वाजवायची नाही. जमलं तर ते घरीच राहू शकतील, दिवसा एखादी बाई मदतीला आली तरी पुरे. नाही जमलं तर..."

"तर सातारा," उल्हासरावांनी वाक्य पुरं केलं आणि यंत्र मुकाट्याने कानामागे लावलं.

पट्ट्यांचं काम शैलजाबाईंना फार आवडलं. पाय खिळण्याच्या जरा आधी पोटरीचे स्नायू बारीक थरथरू लागतात. माणसाला ते जाणवत नाही, पण स्नायूंतले विद्युतसंकेत वाचणाऱ्या पट्ट्याला जाणवतं. तो कानातल्या संगीताला खबर देतो आणि संगीत तिथल्या तिथे बदलतं. कोतोचा स्वर लांबतो, पुढचा ठोका थांबून राहतो, आणि तेवढ्या अवकाशात अडकलेला पाय सुटतो.

"पण हेच गाणं का?" त्यांनी विचारलं होतं. "भजन का नाही?"

"शब्द आले की मन शब्दांमागे जातं, काकू. आणि मन गेलं की पाय थांबतो. यात ऐकण्यासारखं फार काही नाही, नुसती सोबत आहे. कोतोचा स्वर सुईच्या टोकासारखा सुरू होतो, त्यामुळे पायाला नेमकी खूण मिळते. मग तो जागा रिकामी सोडतो. त्या जागेत पाय उचलायचा."

सगळं पटण्यासारखं होतं. पण उल्हासरावांच्या कानाला ते पटेना. प्रत्येक ठोक्याला त्यांच्या कपाळावर आठी पडायची. "आला नाही... आला नाही... आला एकदाचा!" असं पुटपुटत ते चालायचे आणि दारात जाऊन खिळायचे. शैलजाबाई मग पदर खोचून पुन्हा त्यांच्यासमोर उभ्या राहायच्या.

आवाज कमीजास्त करण्यासाठी रेश्माने त्यांच्या फोनवर यंत्राचं नियंत्रण दिलं होतं. त्यात तळाशी 'ठोक्याचा विलंब' असं एक कलम होतं. एका सकाळी शैलजाबाईंनी तो विलंब शून्यावर आणून ठेवला. भिंतीवरचं चित्र तिरकं दिसलं तर माणूस जाता जाता सरळ करतो, इतक्या सहजपणे. ठोका मागे पडतोय हे दुसऱ्या कुठल्या घरात कुणाच्या लक्षातही आलं नसतं. या घरात ते होणारच होतं.

"आता कसं!" उल्हासराव खूश झाले. "वाजवणारा सुधारला."

आणि ते चालू लागले. ताठ, ठाकठीक, कवायतीतल्या शिपायासारखे. दोन दिवस त्यांनी घर पालथं घातलं. शैलजाबाई दोन दिवस सरळ चालल्या आणि आपल्याला एवढं हलकं का वाटतंय, हे त्यांना बऱ्याच वेळाने उमगलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उल्हासराव स्वयंपाकघराच्या दारात आले. ठोका पडला, पाय उचलला नाही. पुढचा ठोका वेळेवर पडला, त्याच्या पुढचाही. यंत्र बिनचूक ठोके देत राहिलं आणि ते झाड पडावं तसे आडवे झाले.

हाड मोडलं नाही. मनगट सुजलं आणि भुवईवर टाका पडला. नियम असा होता की आणखी एकदा पडले तर चाचणीतून बाद.

रेश्मा आल्याबरोबर शैलजाबाईंनी चहाही न विचारता सांगून टाकलं, "विलंब मी शून्य केला होता."

रेश्मा रागावली नाही. तिने पिशवीतून घडीचा डिजिटल पडदा काढून टेबलावर उलगडला. त्यावर दोन आलेख होते. "ही एका निरोगी माणसाची चाल. दोन पावलांमधला वेळ बघा."

रेघ डुलत होती. एखादं पाऊल थोडं लांबलेलं, पुढची काही जरा आखूड, मग पुन्हा मूळ पदावर.

"मला वाटायचं, चांगली चाल लंबकासारखी असेल," शैलजाबाई म्हणाल्या.

"सगळ्यांना तसंच वाटतं. पण प्रत्येक पावलाला मागच्या पावलांची थोडी आठवण असते. त्यामुळे चाल भटकते आणि परत येते. म्हणून तर खड्डा आला, दार आलं की जुळवून घेता येतं. आता हे काकांचे परवाचे दोन दिवस."

दुसरी रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ होती आणि टोकाला एकदम तुटली होती.

"ठोका सरळ केला की पाय सरळ होतात, आणि असे पाय दारात मोडतात. शिवाय विलंब शून्य म्हटल्यावर यंत्राला थांबायची मुभाच उरली नाही."

शैलजाबाईंनी त्या तुटलेल्या टोकावर बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "पहिल्या दिवशी तू संगीताशिवाय नोंद घेतली होतीस. मी टाळ्या वाजवत होते तेव्हा. ती दाखव."

तो आलेख आला. खाली पावलं, वर कानामागच्या यंत्राने टिपलेल्या टाळ्या. पावलांची रेघ डुलत होती, निरोगी माणसाइतकी नाही, तरी डुलत होती. आणि टाळ्या? एकही टाळी पावलाच्या आधी नव्हती. टाच टेकली की मग टाळी. दाराजवळ तर दोन टाळ्यांमधलं अंतर चांगलंच ताणलेलं.

"काकू, तुम्ही नेमकं काय करत होता?"

"मला वाटायचं, मी टाळीवर यांना चालवतेय." शैलजाबाईंनी चष्मा काढला. "मी तर यांच्या पावलाची वाट बघत होते."

रेश्माने विलंब पूर्ववत केला आणि ती शेवटच्या एसटीसाठी निघून गेली. पण उल्हासरावांनी यंत्राला हात लावला नाही. रात्रीचं जेवण झालं तरी ते पलंगावरून हलले नव्हते.

"मला साताऱ्याला पाठव," ते म्हणाले. "तो ठोका उशिरा आला की माझं डोकं फिरतं. सरळ केला की पाय दगा देतात. तुझे गुडघे तरी वाचव."

"ते वाजवणाऱ्या बाई ऐंशी वर्षांच्या आहेत म्हणे. हारूए निशिओ. रेश्मा सांगत होती."

"असतील. ऐंशी वर्षांत सम सापडली नाही?"

शैलजाबाईंना राग आला. त्यांना राग आला की त्या वर्गात विचारायच्या तसे प्रश्न विचारू लागत.

"नाट्यपदात गाणारी समेच्या आधी रेंगाळली, तर तुम्ही काय करायचात?"

"कोण गाणारी?"

"कुणीही. स्वर धरून ठेवला. लोक वाहवा म्हणतायत. ती काही खाली येत नाही."

"थांबायचं. हात घोळवत ठेवायचा. तिचा श्वास सुटला की मग ठेका उचलायचा. तिला ओढून आणायला ती काय बैल आहे?"

"म्हणजे उशीर करूनही ती बेताल नव्हती?"

"अगं, पद तिचं! लय तिची! आपण मागे बसलेलो, आपण फक्त..."

उल्हासराव थांबले. मग टेबलावरचं यंत्र त्यांनी सावकाश उचललं, कानामागे लावलं आणि डोळे मिटून ऐकू लागले. त्यांच्या कपाळावर आठी आली, पण यावेळी ती हळूहळू मोडत गेली.

"मी ढोल ऐकत होतो," ते पुटपुटले. "सवयीने. ढोल माझ्याच जातीचा ना, म्हणून त्याच्या चुका काढत बसलो. गाणारी तर ही आहे. तारेवर." त्यांनी डोळे उघडले. "मी आज साथीला बसतो. उठव मला."

ते उठले. शैलजाबाई भिंतीपाशी सरकल्या आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवले. हात मोकळे असते तर टाळी वाजली असती.

उल्हासरावांची मान किंचित कलली होती. गाणाऱ्याकडे बघताना कलायची तशी. पाऊल, पाऊल, पाऊल. स्वयंपाकघराचं दार आलं. त्यांच्या टाचा थरथरल्या. कानात काय चाललंय ते शैलजाबाईंना ऐकू येत नव्हतं, पण उल्हासरावांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर घोळू लागलेली त्यांना दिसली. थांबायचं. हात घोळवत ठेवायचा. स्वर कुठेतरी ताणला जात होता, दूरची एक बाई श्वास धरून बसली होती, आणि त्यांचा नवरा दारात तिची वाट बघत उभा होता. न घाबरता.

मग पाऊल पडलं. पलीकडे.

स्वयंपाकघरात पोचल्यावर तिथे काही काम नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. ओट्याला धरून ते उभे राहिले.

"आलोच आहे तर चहा टाकू का?"

"नको. सांडाल."

"सांडू दे. चहाच तर आहे."

चहा सांडला, पण दोन कपांपुरता उरला. कप पुढे सरकवत उल्हासराव म्हणाले, "दोन वर्षं तू माझी साथ केलीस. तीही उलटं चालत. मी कुठल्याही गाणाऱ्याला इतकं सांभाळून घेतलं नाही, शैला." शैलजाबाईंनी कप दोन्ही हातांत धरला आणि त्या वाफेकडे बघत राहिल्या.

महिन्याअखेरीस रेश्मा आली. उल्हासराव पलंगापासून मोरीपर्यंत, मोरीपासून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून गॅलरीपर्यंत एकटे चालले. गॅलरीच्या दारात ते इतका वेळ थांबले की रेश्माने ओठ चावला. मग ते पलीकडे गेले आणि वळून म्हणाले, "काय घाबरतेस? बाईंनी तान घेतली."

त्यांना निशिओबाईंचे आभार मानायचे होते. यंत्र बनवणाऱ्या लोकांमार्फत रेश्माने चित्रफीत पाठवायची सोय केली. उल्हासराव इस्त्रीचा सदरा घालून फोनसमोर बसले. "बाई, मी तुम्हाला बेताल म्हणालो होतो. माझं चुकलं. तुमच्या मागोमाग मी आता स्वयंपाकघरात जातो. फार उपकार झाले."

उत्तर आलं तेव्हा शैलजाबाईंची पिशवी भरून तयार होती. दुसऱ्या दिवशी त्या रुग्णालयात दाखल होणार होत्या. फोनवर एक बारकी म्हातारी चटईवर कोतोमागे बसलेली दिसली. उजव्या हाताच्या तीन बोटांत नख्या होत्या. ती जपानी बोलत होती आणि फोन तिचं बोलणं मराठीत सांगत होता.

"जंगमसान, तुमचं काही चुकलं नाही. त्या दिवशी माझा अंगठा सुजला होता. तार छेडायला उशीर होत होता. मी त्यांना हात जोडले, पुन्हा ध्वनिमुद्रण करा म्हटलं. ते म्हणाले, आम्हाला हेच हवंय. ते वाजवणं मी कधी कुणाला ऐकवलं नाही, फार लाज वाटायची. आता कुणी विचारलं तर सांगेन, हे ऐकत एक माणूस चहा करायला जातो." तिने खाली वाकून नमस्कार केला. मग मान वर करून हसली. "तुम्ही तालवाद्य वाजवता असं कळलं. मला ऐकवा ना."

"हात थरथरतो म्हणून सांग तिला," उल्हासराव शैलजाबाईंना म्हणाले.

"मी नाही सांगणार. तिचा अंगठाही दुखतच होता."

उल्हासरावांनी चित्रफीत पुन्हा पहिल्यापासून लावली.

शस्त्रक्रिया नीट झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शैलजाबाईंना वॉकर देऊन खोलीबाहेर आणलं गेलं. समोर लांब, चकचकीत कॉरिडॉर होता. नवा गुडघा किती वजन पेलतो हे त्यांना आकड्यांत ठाऊक होतं. पण गुडघ्याला ते ठाऊक नव्हतं. पाय पुढे जाईना.

"टाका काकू, पाऊल टाका," परिचारिका म्हणाली. "एक, दोन. एक, दोन."

त्या एकावरच अडकल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळलं की दारात खिळलेल्या माणसाला आतून कसं वाटत असेल.

कॉरिडॉरच्या त्या टोकाला लिफ्टचं दार उघडलं. उल्हासराव बाहेर आले. मान किंचित कललेली, कानामागे यंत्र. मदतीची बाई हात आखडून, पाच पावलं मागे. कॉरिडॉरमध्ये मध्येच एक लाकडी बाक होतं, तिथवर ते आले, बसले, आणि यंत्र काढून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवलं. मग शैलजाबाईंकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, पायांकडे.

त्यांनी दोन्ही हात बाकाच्या फळीवर ठेवले. उजवा हात थरथरत होता. त्यांनी तो थरथरू दिला.

शैलजाबाईंनी श्वास धरला. वॉकर पुढे सरकवला. टाच टेकली.

धा.

दुसरी टाच.

धिं. जरा घसरलेला, कापरा, फळीवर दबका उमटलेला. परिचारिका मोजायची थांबली. शैलजाबाईंचं तिसरं पाऊल हवेत लोंबकळलं आणि बाकावरची बोटं नुसतीच घोळत राहिली, वाट बघत.

"अहो," त्या दमून म्हणाल्या, "तुमचा ठोका मागे पडतोय."

"पडू दे," उल्हासराव म्हणाले. "आधी तुझं पाऊल पडू दे."